वडसाच्या नाटक मंडळीची वेबसाइट आणि तीन होस्टिंगची तुलना

भाऊबीजेचा दिवस, ३ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळचे साडेसात. काकाजींचा फोन आला, "बेटा, वेबसाइट उघडूनच नाही राह्यली, लोकं मलेच फोन लावून राह्यले का आज नाटक कोन्या गावाले हाये." मी सेंटरमध्येच होते, उघडून पाहिलं तर पांढऱ्या पानावर एकच ओळ, ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. पाच मिनिटांनी उघडली, मग परत बंद, रात्री दहापर्यंत हेच चालू होतं, आणि वर्षभरात या साइटची सगळ्यात जास्त गरज लागते ती नेमकी याच वेळेला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा पट्टा, झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असते, रात्री सुरू झालं की पहाटेपर्यंत चालते, लोकं ब्लँकेट घेऊन बसतात. वडसा म्हणजे देसाईगंज, इथे नाटक मंडळ्यांची बुकिंग ऑफिसं आहेत, गावचं मंडळ इथे येऊन तारीख ठरवते, बयाना देते. २०२३ मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री भेटली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच लोकांना झाडीपट्टी रंगभूमी हे नाव पहिल्यांदा कळलं. काकाजी अशाच एका मंडळीचं बुकिंग पाहतात, मी वडसाजवळच्या गावात कॉम्प्युटर सेंटर चालवते, त्यांच्या साइटवर तारखा टाकायचं काम माझ्याकडे.

साइटवर कामाची पानं दोनच. एक "कोणती तारीख खाली आहे", ते गावच्या मंडळांसाठी, आणि दुसरं "आज प्रयोग कुठे", ते पब्लिकसाठी. एरवी दिवसाला ४०-५० माणसं येतात. भाऊबीजेनंतरचे पंधरा दिवस हाच आकडा ३,००० पर्यंत जातो, आणि ते सगळे संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांत, कारण वॉट्सअप ग्रुपवर लिंक पडली की सगळे एकदम दाबतात. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर, नेटला कायम जोडलेल्या कॉम्प्युटरवर, भाड्याने घेतलेली जागा, निवडताना आम्हाला याच तीन तासांचा विचार करायचा होता, पण हे मला त्या रात्रीच्या आधी कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी होस्टिंगच्या पॅनलमध्ये रिसोर्स युसेज उघडून पाहिलं. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो साइट, आणि एकाने सगळं खाऊ नये म्हणून प्रत्येकाला बांधून दिलेला वाटा: प्रोसेसर इतका, मेमरी इतकी, आणि एंट्री प्रोसेस इतक्या. जाहिरातीत न दिसणारा आणि आम्हाला नडलेला आकडा हा शेवटचा. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणाला किती जणांसाठी सर्व्हर पान तयार करत बसू शकतो, म्हणजे मंडईतल्या तिकिटाच्या खिडक्याच समजा. आमच्याकडे २० खिडक्या होत्या. आता खिडकीवरचा माणूस एका तिकिटाला चार सेकंद घेत असेल तर २० खिडक्यांमधून सेकंदाला पाचच तिकिटं निघणार, आणि तोच अर्ध्या सेकंदात देत असेल तर सेकंदाला ४०. आमचं एक पान तयार व्हायला चार सेकंद लागत होते. म्हणून सेकंदाला पाच लोकांच्या वर गेलं की बाकीच्यांना ५०८.

चार सेकंद का लागत होते यात निम्मी चूक आमचीच होती हे मी मान्य करते. पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर पान बनवणारी भाषा, तिच्या ७.४ आवृत्तीवर साइट चालू होती, ज्याचा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलेला, कॅश, म्हणजे एकदा बनवलेलं पान साठवून तेच पुढच्यांना देणं, हा प्रकार नव्हता, आणि पहिल्याच पानावर बारा नाटकांची पोस्टरं सरकत होती. पान ४.८ एमबीचं. दिवसाला ३,००० लोकं म्हणजे १४.४ जीबी, आणि प्लॅनमध्ये महिन्याला १०० जीबी, म्हणजे सगळं सुरळीत चाललं असतं तरी सातव्या दिवशी बँडविड्थ, म्हणजे महिन्याचा डेटा, संपलीच असती! आणि कोरची-धानोऱ्याकडच्या पोराच्या फोनवर जिथे नेटवर्कची एक कांडी येते-जाते तिथे ४.८ एमबीचं पान उघडतं तरी कसं.

होस्टिंग बदलायचं ठरवलं तेव्हा पहिला अडथळा वेगळाच निघाला. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, काकाजींच्या नावावर नव्हतंच. सहा वर्षांपूर्वी ज्या शहरातल्या पोराने साइट करून दिली त्याने डोमेन आणि होस्टिंग दोन्ही स्वतःच्या अकाउंटमधून घेतलं होतं आणि दरवर्षी काकाजींकडून एकठोक पैसे घेत होता, बिल काही नाही. काकाजींना वाटे वेबसाइट आपली आहे. मंडळीचं नाव, पोस्टरवर छापलेला पत्ता, सगळं दुसऱ्याच्या ईमेलवर! त्या पोराचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, पण त्याचा नंबर बदलला असता किंवा त्याने हे काम सोडलं असतं तर नाव गेलंच होतं. दीड महिना फोन करून डिसेंबरच्या शेवटी त्याने लॉक काढून ट्रान्सफरचा कोड दिला, मग डॉट इन डोमेन काकाजींच्या स्वतःच्या नावाने, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या मोबाइल नंबरवर घेतलं. आणि हे मुद्दाम होस्टिंगवाल्याकडे न घेता वेगळ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडे, ठेवलं, फुकट डोमेन देऊन राहिले होते तरी. होस्टिंगवाल्याशी उद्या काही बिनसलं तर फक्त नेमसर्व्हर, म्हणजे हे नाव कोणत्या होस्टिंगकडे न्यायचं ती नोंद, बदलायचं, नाव आपल्याच हातात.

मग शोधाशोध. सर्च केलं की "टॉप १० होस्टिंग" छाप याद्याच याद्या, आणि बहुतेक यादीत प्रत्येक नावाखाली कमिशनची लिंक, कोणी घेतलं की लिहिणाऱ्याला पैसे. त्यावर माझा भरवसा बसेना. आणखी एक गोष्ट कळली जी मला आधी माहीत नव्हती. मी पाच नावं काढली होती, त्यात ब्लूहोस्ट आणि बिगरॉक दोन्ही होते, आणि हे दोन्ही आणि होस्टगेटरसुद्धा एकाच मालकाचे ब्रँड निघाले, न्यूफोल्ड डिजिटल, जी २०२१ मध्ये एन्ड्युरन्स आणि वेब डॉट कॉम एकत्र येऊन झाली. यात वाईट काही नाही, पण मी दोन वेगळ्या दुकानांची तुलना करते आहे असं समजून एकाच घरातल्या दोन दुकानांची करत होते. शेवटी तीन वेगळ्या मालकांच्या तीन कंपन्या धरल्या. त्यांची नावं इथे घेत नाही, कारण पुढे जे लिहिते ते एका प्लॅनचं, एका सर्व्हरचं आणि तीन आठवड्यांचं आहे, तेवढ्यावरून कोणाचं नाव चांगलं किंवा खराब करणं बरोबर नाही. क, ख, ग म्हणू.

आधी पैशाचं, कारण काकाजींचा पहिला प्रश्न तोच. क ची जाहिरात महिना ७९ रुपये. ती चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर. एका वर्षासाठी घेतलं तर महिना १६९, आणि रिन्युअल २९९. ख पहिल्या वर्षी १४९, मग २४९. ग सुरुवातीपासूनच २१०, रिन्युअललाही २१०. काकाजी म्हणे, "मंग ७९ वालाच घे ना, कायले विचार करते." मी त्यांच्यासमोर बुकिंगच्या वहीच्या मागच्या पानावर तीन वर्षांचा हिशोब मांडला, एकेक वर्ष भरत जायचं असं धरून. क चे ९,२०४, ख चे ७,७६४, ग चे ७,५६०. वरून १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,८६१, ९,१६२ आणि ८,९२१. जाहिरातीत जो सगळ्यात महाग दिसत होता तो तीन वर्षांत सगळ्यात स्वस्त. काकाजींनी तो कागद फाडून खिशात ठेवला, दोन दिवसांनी दुसऱ्या मंडळीच्या मॅनेजरला दाखवताना मी पाहिलं त्यांना.

आता क च्या चार वर्षांच्या ऑफरचं. चार वर्षांचे ३,७९२ अधिक जीएसटी, म्हणजे ४,४७५ च्या आसपास, हिशोबाने ते खरंच स्वस्त होतं, मी ते लपवत नाही. पण न वापरलेल्या होस्टिंगला चार वर्षांचे पैसे आधी द्यायचे, आणि तीस दिवसांनंतर परतावा नाही, आणि आमचा सीझन तर दिवाळीला, म्हणजे खरी परीक्षा व्हायच्या आधीच परताव्याची मुदत गेलेली. हे मला पटलं नाही.

तिन्हीकडे एकेक महिना घेतला, साइटची कॉपी तिन्हीकडे टाकली, तीच थीम, तेच पोस्टर, तोच डेटा. फेब्रुवारीचे २१ दिवस मी ते पाहिलं.

अंतराचा फरक पहिल्या दिवशीच दिसला. क च्या त्या प्लॅनचा सर्व्हर अमेरिकेत, ख आणि ग चा मुंबईत. आमच्या सेंटरच्या लाइनवरून मुंबईला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, ५० मिलिसेकंदच्या आसपास, अमेरिकेला २८०. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पाव सेकंद. पण पान येण्याआधी फोन आणि सर्व्हरमध्ये येरझाऱ्या होतात, एक जोडणीसाठी, एक कुलुपासाठी म्हणजे एचटीटीपीएससाठी, जुना फोन असला तर कुलुपालाच दोन, आणि मग एक प्रत्यक्ष मागणीसाठी. तीन येरझाऱ्या धरल्या तर अमेरिकेला ८४० मिलिसेकंद, मुंबईला १५०, आणि सर्व्हरने अजून कामाला हातही लावलेला नाही. नेटवर्क जितकं खराब तितक्या येरझाऱ्या महाग पडतात. आमचं पब्लिक सगळं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातलं, फार तर राजनांदगावकडचं, त्यांच्यासाठी साइट अमेरिकेत ठेवण्याला काहीच अर्थ नव्हता.

मग खिडक्यांचा प्रश्न. तिघांच्याही चॅटवर एकच प्रश्न टाकला, या प्लॅनला एंट्री प्रोसेस किती, मेमरी किती, इनोड म्हणजे फायलींची संख्या किती. ग ने चार मिनिटांत लिहून दिलं, ३०, १ जीबी, १ लाख. ख ने मला आधी महागडा प्लॅन दाखवला, परत विचारल्यावर २०, १ जीबी, दीड लाख असं सांगितलं. क च्या माणसाने तीन वेळा "अनलिमिटेड आहे मॅम" लिहिलं. अनलिमिटेड असं काही शेअर्ड होस्टिंगमध्ये असूच शकत नाही, सर्व्हर एक आहे आणि त्यात मेमरी मोजून घातलेली आहे, म्हणून हे उत्तर मिळाल्यावर मी त्याला मनातून कमीच केलं.

पण सांगितलेलं आणि खरं यात फरक असतो म्हणून स्वतः पाहायचं ठरवलं. लोड टेस्टची सॉफ्टवेअरं असतात, पण शेअर्ड सर्व्हरवर ती चालवणं म्हणजे शेजाऱ्यांच्या साइटला त्रास, आणि कंपन्यांच्या नियमांतही ते बसत नाही. माझ्याकडे संध्याकाळी एमएस-सीआयटीची बॅच असते, १८ पोरं-पोरी. सगळ्यांना फोन काढायला लावले, वायफाय बंद, आपापल्या सिमवर, लिंक टाकली आणि म्हटलं मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम दाबायचं, आणि पान पूर्ण उघडलं की हात वर. कॅश बंद ठेवली होती मुद्दाम, म्हणजे प्रत्येकासाठी सर्व्हरला पान बनवावं लागेल. ग वर १८ हात वर झाले, शेवटचा साधारण तीन सेकंदांनी. ख वरही १८, शेवटचा चार सेकंदांनी. क वर ११ झाले, दोघींच्या फोनवर एरर, पाच जणांचं गोल चक्रच फिरत राहिलं. परत केलं तर १३. एक पोरगी जिचं गाव कुरखेड्याच्या आत आहे ती म्हणाली, "मॅडम, आमच्या गावाले तं हे उघडलंच नसतं." १८ फोन ही काही मोठी परीक्षा नाही हे मला माहीत आहे, पण ५०८ चं दुखणं या एका गोष्टीत ओळखू आलं.

अपटाइम, म्हणजे साइट किती वेळ चालू राहते ते, मोजायला अपटाइमरोबोट लावला, फुकटात दर पाच मिनिटांनी साइट जिवंत आहे का पाहतो. सगळे ९९.९ टक्के लिहितात. २१ दिवसांत ९९.९ म्हणजे जास्तीत जास्त ३० मिनिटं बंद चालते. क ५२ मिनिटं बंद राहिला, ग ३१ मिनिटं, ख फक्त नऊ. म्हणजे इथे ख जिंकला आणि ग अगदी काठावर चुकला. पण ग ची त्यातली २५ मिनिटं एका रात्री दोन वाजताची, दोन दिवस आधी मेल करून सांगितलेली. रात्री दोनला आमचं पब्लिक नाटकात बसलेलं असतं. क ची ५२ पैकी ३८ मिनिटं संध्याकाळी आठची होती.

बॅकअपमध्ये निकाल लागला. ख कडे आठवड्याला एक बॅकअप, परत आणायचा असला तर वेगळे पैसे, आणि अटींमध्ये लिहिलेलं की बॅकअपची जबाबदारी ग्राहकाची. ग कडे रोजचा, सात दिवसांचा, पॅनलमधून स्वतः परत आणता येतो. मी खरंच करून पाहिलं, तारखांचं अख्खं टेबल उडवलं आणि कालचं परत आणलं, सहा मिनिटं लागली. तारखांचं टेबल म्हणजे काकाजींचा अख्खा सीझन, कोणाचा बयाना आला, कोणती रात्र कोणाला दिली. तरी मी महिन्यातून दोनदा पूर्ण कॉपी सेंटरच्या हार्डडिस्कवर उतरवतेच, कारण कंपनीचा बॅकअप कंपनीकडेच असतो आणि अकाउंटच बंद झालं तर दोन्ही एकदम जातात.

इनोड आमच्यासाठी प्रश्नच निघाला नाही. ईमेलचीही गरज नव्हती, सगळं बुकिंग फोनवर आणि वॉट्सअपवर. एसएसएल, म्हणजे एचटीटीपीएसच्या कुलुपाचं सर्टिफिकेट, तिघांकडे फुकट होतं, लेट्स एन्क्रिप्ट संस्थेचं, ९० दिवसांचं आणि आपोआप नवं होणारं, तर "फ्री एसएसएल" पाहून कोणी भुलू नये.

ग घेतलं. मार्चमध्ये साइट हलवली, शिमग्याला सीझन उतरतो तेव्हा.

पोस्टरांचं मात्र होस्टिंग बदलून काही होणार नव्हतं. फ्लेक्सवाल्याकडून येणारी फाइल ७,२०० बाय ४,८०० पिक्सेल, ९ एमबी, वरून छपाईच्या रंगात, म्हणजे फोनवर लाल रंग भलताच दिसते. अशी फाइल वर्डप्रेसमध्ये, म्हणजे आमची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्यात, टाकली की सर्व्हर ती मेमरीत उलगडतो, साडेतीन कोटी पिक्सेल, एकेकाला चार बाइट, म्हणजे १३८ एमबी, आणि पीएचपीची मर्यादा १२८. अपलोड अर्ध्यातच मरायचं ते याच्यामुळे, आणि आम्ही वर्षभर नेटला दोष देत होतो. आता फ्लेक्सवाल्या दादांना सांगून ठेवलं, पोस्टर झालं की १,२०० पिक्सेल रुंदीची, आरजीबीतली म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली वेगळी फाइल वॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, ते पाठवतात. पहिलं पान आता ३५० केबीचं आहे, ३,००० लोकांना दिवसाला १ जीबीच्या थोडं वर. लिंकाही इंग्रजी अक्षरांत केल्या, कारण मराठी लिंक वॉट्सअपवर टाकली की एका अक्षराची नऊ चिन्हं होतात आणि लोकांना ते व्हायरस वाटते.

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज. संध्याकाळी सातपासून पॅनल उघडून बसले होते. साडेआठला सगळ्यात जास्त गर्दी होती तेव्हा एंट्री प्रोसेस ३० पैकी चार. सर्व्हरवरच्या लाइटस्पीड सॉफ्टवेअरची कॅश चालू असल्यामुळे तयार पान तसंच उचलून देत होता, पीएचपीला हात लावायची गरजच पडत नव्हती. एकही ५०८ नाही. काकाजींना एकही फोन नाही.

आणि तीन दिवसांनी माझ्या हातून चूक झाली. मी तारखांचं टेबल बदललं, २६ तारखेचं गाव टाकलं, पण वर्डप्रेसची पोस्ट बदलली की कॅश साफ होते, हे टेबल पोस्टमध्ये नाही, वेगळ्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये, आहे, म्हणून कॅशला कळलंच नाही. कॅशच्या प्लगइनमध्ये तयार पान ठेवण्याची मुदत मुळातच एक आठवडा असते. लोकांना रात्री साडेआठपर्यंत "आज प्रयोग कुठे" या पानावर आदल्या रात्रीचं गाव दिसत होतं. एक कुटुंब म्हाताऱ्या आईला घेऊन, ऑटो करून, १४ किलोमीटर चुकीच्या गावाला गेलं. तिथे मांडव उतरवून राहिले होते. त्यांनी काकाजींना फोन केला तेव्हा कळलं. काकाजी मला एक शब्द बोलले नाहीत, त्या कुटुंबाला पुढच्या प्रयोगाचे पास दिले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. साइट बंद असती तर त्यांनी फोन करून विचारलं असतं. साइट चालू होती आणि खोटं सांगत होती, म्हणून ते गेले.

त्या एका पानाची मुदत आता ३०० सेकंद आहे. पाच मिनिटांत एकदा सर्व्हर पान नव्याने बनवतो, बाकी सगळ्यांना तेच देतो, गर्दीही पेलते आणि गावही जुनं राहत नाही. पानावर वर मोठ्या अक्षरात तारीख, वार आणि "शेवटचा बदल" ची वेळ टाकली, आणि खाली काकाजींचा नंबर. रोज सहा वाजता मी सेंटरच्या वायफायवरून नाही, माझ्या स्वतःच्या सिमवरून, लॉगिन न करता ते पान उघडून पाहते, कारण लॉगिन केलेल्याला पब्लिकसाठी साठवलेलं पान दिसतच नाही, आणि त्या दिवशी मला बरोबर गाव दिसत होतं ते त्याच्यामुळेच.

होस्टिंगचं बिल आता मंडळीच्या नावाने येते, पॅनलचा पासवर्ड काकाजींकडे बंद पाकिटात आहे, आणि डोमेनची मुदत कधी संपते ती तारीख त्यांनी बुकिंगच्या वहीत पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घेतली, बयान्याच्या तारखा लिहितात तशी.